फक्कीची भिंत

ठकी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी आली आणि पर्स खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आत्या, त्या मोठ्या ऑफिसला आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. तू काय ठरवलंस?"

ठकी म्हणजे माझ्या भावाची मुलगी. आर्किटेक्ट झाली ती थेट माझ्याच ऑफिसात आली, आणि हट्टीपणा तर घराण्यातूनच घेऊन आली. तिची अट सरळ होती. तिने काढलेला नकाशा तिच्या टेबलावरून थेट बाहेर जाणार, मी मध्ये डोकं घालायचं नाही. कबूल असेल तर ती राहणार, नाहीतर चालली त्या मोठ्या ऑफिसात, तिकडून तिला नोकरीचं बोलावणं आलं होतं. तिच्या वाचनालयाच्या नकाशातला जिना मी तिला न विचारता डावीकडून उजवीकडे नेला, तेव्हापासून हे सुरू झालं. जिना उजवीकडेच चांगला दिसतो, हे मी आजही कुणालाही ऐकवीन.

"संध्याकाळी सांगते," मी म्हटलं. "आधी आजचं काम उरकू दे."

आजचं काम म्हणजे आमचंच नवं ऑफिस. एक रिकामं गोदाम आम्ही घेतलं होतं आणि त्याचा नकाशा आज जमिनीवर उतरवायचा होता. ही आमची जुनी पद्धत. मैदानावर रेषा आखायला वापरतात ती पांढरी फक्की घ्यायची आणि जागेवर खऱ्या मापाने भिंती आखायच्या. दारं आखायचीच नाहीत. सगळ्या खोल्या चारी बाजूंनी बंद. मग तिथे राहणाऱ्या माणसांना टेबलं-खुर्च्यांसकट दिवसभर त्यात वावरायला सांगायचं आणि जायचं असेल तिथून खुशाल रेषेवरून जा म्हणायचं. संध्याकाळी जिथे फक्की पुसलेली दिसेल तिथे दार.

नवीन माणसांना मी नेहमी सांगते, घर आपण काढत नाही, पाय काढतात, आपण फक्त मागाहून जाऊन सही करायची. एका शाळेत मुलं आणि शिक्षक दिवसभर मुख्याध्यापकांच्या खोलीतून आरपार ये-जा करत होते. मी तिथे समोरासमोर दोन दारं दिली. मुख्याध्यापकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पुढे तेच म्हणायला लागले की शाळेत काय चाललंय ते आता कळतं. एवढ्या वर्षांत पायांनी मला एकदाही तोंडघशी पाडलं नाही.

माझी केबिन एका कोपऱ्यात आखली होती. समोरच्या अंगाला ठकीचं टेबल, त्यापलीकडे ड्राफ्ट्समन आणि बाकीची मंडळी. ऑफिसचा सगळा व्यवहार बघणारे आमचे कारभारी पुढच्या दाराशी. माझ्या मागच्या बाजूला गल्लीत उघडणारं गोदामाचं जुनं दार होतं, तिकडे सिमेंटची पोती रचलेली.

मी खुर्चीत बसले. आज जागचं हलायचं नाही असं मनाशी पक्कं केलं होतं, कारण ठकीला काय सांगायचं ते मला नीट ठरवायचं होतं.

थोड्याच वेळात माझी पट्टी सापडेना. ठकीकडे गेले, तिची घेऊन आले. मग आठवलं की ती एका दवाखान्याचा नकाशा करतेय आणि त्यातल्या खिडक्या जरा खाली वाटल्या होत्या. गेले. "खिडक्यांचं बघतेयस ना?" म्हटलं. "बघतेय," ती म्हणाली, मान वर न करता. परत आले. मग पट्टी परत द्यायला गेले. मग पाणी प्यायला उठले आणि पाण्याचा माठ दुसऱ्या टोकाला असताना तिच्या टेबलावरून गेले. तिच्या हाताखालचा कागद उलटा दिसत होता तरी मी वाचला. रुग्णांची बसायची जागा तिने अंगणाकडे वळवली होती. चांगलं होतं. मी असं केलं नसतं. हात शिवशिवायला लागले.

"आत्या, काही हवंय का?" तिने विचारलं.

"नाही गं. पाय मोकळे करतेय."

कारभारी तिकडून म्हणाले, "मॅडम, सकाळपासून एवढे मोकळे केलेत की आता ते आमच्याकडे कामाला लागतील." सगळे हसले. ठकी हसली नाही.

जेवण झाल्यावरही तेच. बसले की पाठीला काहीतरी टोचायचं, उठले की पाय आपोआप तिकडे वळायचे. ही पोर गेली तर, हा विचार आला की खुर्चीतून उठायचे. आणि राहिली, पण माझ्या नजरेआड वाट्टेल ते काढायला लागली तर, हा विचार आला की तेवढ्याच घाईने उठायचे. खरं सांगायचं तर दोन्हीतलं काय जास्त वाईट, ते मला दिवसभर ठरवता आलं नाही.

ऊन कलल्यावर ड्राफ्ट्समन शिडीवर चढला आणि वरून जमिनीचे फोटो काढायला लागला. मग एकेक दार वाचून दाखवू लागला. हे पुढचं, हे मोठ्या टेबलाकडचं, हे नमुने ठेवतो त्या खोलीचं. आम्ही सगळे खाली उभे.

"आणि मॅडमची केबिन," तो म्हणाला, "इथलं दार तर सगळ्यात मोठं. रेषाच उरली नाही. सरळ ठकीताईंच्या टेबलावर उघडतंय."

मी वाकून पाहिलं. माझ्या केबिनच्या बाकी तीन बाजू जशा आखल्या तशा होत्या. चौथी, ठकीकडची, पार फरफटली होती. आणि त्या फराट्यात एकाच चपलेचे ठसे, जाणारे आणि येणारे. माझ्या चपलेचे. माझ्याकडे दिवसभरात कुणीही आत आलं नव्हतं. ज्याला जे विचारायचं होतं ते त्याने ठकीला विचारलं होतं.

बिचाऱ्या ड्राफ्ट्समनला आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं. "दोन पाखांचं दार करावं लागेल," तो म्हणाला.

कारभाऱ्यांना ठाऊक होतं. ते आपल्या बुटांकडे बघायला लागले.

ठकीने त्या पुसलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेली दिसली. तिने पेन्सिली गोळा केल्या, पर्स उचलली आणि फोन हातात घेतला. मला उत्तर विचारायची तिला आता गरज राहिली नव्हती. पायांनी सांगून टाकलं होतं, आणि आमच्या ऑफिसात पायांचं ऐकतात.

"थांब," मी म्हटलं. आवाज चिरकला माझा. "तिथे दार नाही. भिंत."

ड्राफ्ट्समन शिडीवरून म्हणाला, "पण मॅडम, आपली पद्धत..."

"पद्धत माझी आहे ना? मग मी सांगते. हे पाय चुकलेत. भिंत घाला."

ठकीने फोन खाली घेतला, पण पर्स खांद्यावरच ठेवली. माझं बोलणं कितपत टिकतं हे तिला माहीत होतं. डावीकडच्या जिन्यालाही मी आधी हो म्हटलं होतं.

"आणि तू येणार-जाणार कुठून?" तिने विचारलं.

"मागच्या गल्लीतून."

"तिकडे आज कुणीच गेलं नाही, आत्या. पोती आहेत तिथे."

"पोती हलवता येतात."

तिने एकदा त्या पोत्यांकडे पाहिलं. मग जरा हळू म्हणाली, "मध्ये काच लावू या का? निदान दिसेल तरी तुला."

मला ती काच इतकी हवी होती की तोंडातून हो निघालंच होतं. डोळे भरून आले, ते मी फक्कीवर ढकलले.

"काच नको," मी म्हटलं. "विटांची घाल. आणि जाड घाल, बारीक भिंतीतून मला ऐकू येतं."

ठकीने पर्स टेबलावर ठेवली. फक्कीचा डबा घेऊन ती खाली बसली आणि पुसलेली रेष पुन्हा आखायला लागली. मी आतल्या बाजूला उभी होते. रेष जरा वाकडी जात होती. मी सांगितलं नाही.