शिल्लक अकरा कुप्या

साहेब, तुम्ही एका बाईचा फ्रीज केलात. आधी एवढं कबूल करा. बाकीचं मग बोलू.

बाईचं नाव कलावती बनसोडे. उपजिल्हा रुग्णालयाच्या रक्त तपासणी विभागात सतरा वर्षं तंत्रज्ञ. भांडारपाल नेमायला तुम्हाला सवड झाली नाही, म्हणून भांडाराच्या चाव्याही तिच्याच कमरेला. तिच्या ताब्यात अकरा तपकिरी कुप्या होत्या, करंगळीएवढ्या. रक्तात रोगाशी लढणाऱ्या शिपाईपेशी असतात. त्यांतली एक ठरावीक जात शोधून तिला चिकटायचं आणि मशीनपुढं चमकायचं, एवढंच त्या कुप्यांतल्या औषधाचं काम. चमकलेल्या पेशी मशीन मोजतं, आणि माणूस अजून किती तग धरून आहे ते कळतं. पण औषधाचे नखरे जावयासारखे. दोन अंशांखाली गेलं की गोठून मरतं, आठांवर गेलं की नासतं, उजेड लागला की चमक जाते. म्हणून फ्रीज, म्हणून तपकिरी काच, आणि म्हणूनच फ्रीजच्या आतला दिवाही कलावतीनं स्वतःच्या हातानं काढून ठेवलेला.

तो फ्रीज नऊ तारखेला सकाळी बंद पडला. तिनं लगोलग तुम्हाला कळवलं. तुमचं उत्तर कधी नव्हे ते दोन तासांत आलं. ‘तापमान नोंदवहीनुसार फ्रीज चार अंशांवर आहे. तक्रार निकाली.’

इथं चूक कलावतीची. ती लपवत नाही, तुम्ही लपवता. वहीत रोज सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं असतं. सगळीकडं करतात तेच ती करायची. एक तारखेला बसायची आणि अख्ख्या महिन्याचे चार एका बैठकीत लिहून टाकायची. सकाळी चार, संध्याकाळी चार, थेट तीस तारखेपर्यंत. फ्रीज नऊला मेला, पण वहीत तो तीसपर्यंत जिवंत होता.

वहीत चार होते, म्हणजे कुठंतरी चार असणं भाग होतं. दुपारी तीन वाजता ते कलावतीच्या हातांत आले.

कुप्या तिनं मुठीत धरल्या होत्या. मूठ गार पडली. तिनं बगलेत थर्मामीटर लावला, चार. डाव्या बरगड्यांवर रबराची पट्टी उमटली होती, बोटभर रुंद. तिनं ती नखानं ओढली आणि दार उघडलं. आत जाळीचे दोन कप्पे, कोरडे, स्वच्छ. दिवा नव्हता. तिनं अकरा कुप्या ओळीनं उभ्या केल्या, दार लावलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. कारण तीस तारखेला अक्काचं रक्त मोजायचं होतं.

अक्का म्हणजे लंका, तिची थोरली बहीण. स्वतः अंगठेबहाद्दर राहून, विड्या वळून वळून हिला शिकवणारी. मागच्या खेपेला लंकाचा आकडा दोनशे बारा होता. आता तीन आठवडे खोकला हटत नव्हता, आणि डॉक्टर म्हणत होते, आकडा आणा, मग औषध बदलू.

दहा तारखेला दाभाडे आला. दाभाडे हा जडवस्तू नोंदवहीचा कारकून. टेबलं, खुर्च्या, पंखे, सगळ्यांवर पांढऱ्या रंगानं नंबर घालतो. माणूस वाईट नाही.

“ताई, जरा पाठ करा इकडं.”

“कशाला?”

“नंबर घालायचाय. वरून आलंय. जुना फ्रीज निर्लेखित, नवा दाखल.”

“दाभाडे, मी माणूस आहे.”

“मी कुठं नाही म्हणतो? पण चार अंशांचं माणूस मी कुठल्या वहीत घेऊ? हजेरीपटात तसला रकाना नाही.” त्यानं ब्रश बुडवला. “रंग वाळेस्तोवर टेकू नका.”

हजेरीपटातलं तिचं नाव त्यानं लाल शाईनं खोडलं आणि तापमानाची वही स्वतःकडं घेतली. त्या संध्याकाळी तिच्या टाचेतून वायर निघाली. वायरीची लांबी फाटकापर्यंत पुरली नाही. मोरीच्या उंबऱ्यापाशी ती ताणली जायची आणि कलावती माघारी फिरायची. रोज फिरायची, आणि रोज वायर वीतभर कमी भरायची. वीस तारखेला तिला खिडकीही गाठता येईना. परिचारिकांनी तिच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल अंथरला, वर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली. एकीनं दह्याचा डबा आणला होता.

“यात खाण्याचं ठेवायचं नसतं,” कलावती म्हणाली. तोंड उघडलं की घशातून उजेड आत उतरायचा, म्हणून ती तोंडावर पदराचा बोळा धरून बोलायची. मग तिनं बोलणंच कमी केलं. नुसती घुमायची.

तीस तारखेला लंका आली. दंडाला कापूस, मुठीत तिच्या रक्ताची जांभळ्या बुचाची नळी.

“कले, बर्फ झालीस की गं. जेवलीस का?”

“अक्का, किती वाजता काढलं रक्त?”

“आत्ताच. पोरगी म्हणाली आजच्या आज मोजा, उद्या हे पाणी. वीस दिवस घरी का नाही आलीस?”

“वायर पुरत नाही.”

लंकानं खाली वाकून वायर पाहिली. खोकली. पुन्हा पाहिली. “तुझ्या हट्टापायी हे होणारच होतं,” ती म्हणाली, आणि बहिणीच्या गार गालावर तिनं आपला तळवा ठेवला. तळव्याची ऊब गालात शिरली नाही.

कलावतीनं दाभाडेला हाक मारली. “एक कुपी काढायचीय. मशीन तयार आहे.”

“काढा की. मागणीपत्रावर भांडारपालाची सही तेवढी आणा.”

“भांडारपाल मीच.”

“होतात. आता पद रिक्त. फ्रीजची सही चालत नाही, ताई.”

“मग नवा नेमा.”

“प्रस्ताव जावा लागतो वर. भांडारपालाच्या सहीनं.”

“सही गेली खड्ड्यात,” लंका म्हणाली. तिनं बहिणीचा पदर बाजूला सारला, पट्टी ओढली आणि दार उघडलं. अकरा कुप्या समोर होत्या, वीतभर आत. तिनं हात घातला. मनगट गेलं, कुप्या वीतभर पुढं. कोपर गेलं, कुप्या वीतभर पुढं. कप्पा लांबत गेला, बहिणीच्या पाठीतून मात्र काहीच बाहेर आलं नाही.

“साठावहीत शिल्लक अकरा आहे, बाई,” दाभाडे समजुतीनं म्हणाला. “अकराच्या दहा कशा होतील?”

कलावतीनं त्याच्या हातातून पेन घेतलं. तापमान वहीत आजच्या तारखेपुढं तिला सदतीस लिहायचे होते. पेनातली शाई गोठली. कागदावर नुसता ओरखडा उठला.

“अक्का, तू लिही.”

“मला येतं का लिहायला? अंगठा देते.” लंकानं नळी ओठांत धरली, मोकळ्या हाताचा अंगठा शाईत बुडवला आणि रकान्यात उठवला.

“अंगठा म्हणजे किती अंश?” दाभाडेनं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग कलावतीला सुचलं. आज तीस. पान संपलं. उद्याचे चार कुणी लिहिलेच नाहीत तर मध्यरात्री तिचं अंग तापेल, दार बुजेल, वायर गळेल. ती घरी जाईल, अंगावर वाकळ घेऊन झोपेल. पण कुप्या आतच नासतील आणि अक्काचा आकडा कायमचा जाईल. हवी होती ती एक कुपी, आजच, आणि मग कोरं पान. या क्रमानं.

“दाभाडे,” तिनं बोळा काढून हात जोडले. उजेड घशात उतरला, तिला कळलं, तरी तिनं तोंड मिटलं नाही. “तुमच्या पाया पडते. उद्याचं पान तेवढं लिहू नका.”

दाभाडे ओशाळला. त्यानं पान उलटलं. सकाळी चार, संध्याकाळी चार. एकतीस तारखेपर्यंत, सुवाच्य अक्षरात.

“सकाळीच लिहून टाकलं. उद्या माझी रजा आहे. तुमचंच बघून शिकलो, ताई.”

तर साहेब, आता असं आहे. लंकाचा हात खांद्यापर्यंत बहिणीच्या बरगडीत आहे. कुपी अजून वीतभर पुढं आहे. नळी तिनं पुन्हा मुठीत घेतलीय आणि मूठ छातीशी धरलीय, रक्त ऊबदार राहावं म्हणून. पण बोटं गार पडत चाललीत, आणि तिच्या टाचेपाशी काहीतरी काळं, दोऱ्याएवढं, बाहेर येतंय. दाभाडेनं रंगाचा डबा उघडलाय. ब्रश हातात घेऊन तो विचारतोय, हिला वेगळा नंबर घालू की त्याच नंबरात धरू?

मला ते विचारायचं नाही. मी एवढंच विचारतो, सही कुणाची लागते? नाव सांगा. नळी अजून गोठलेली नाही. बोला.