बहुमताचं तेल

त्या रविवारी काकांच्या गॅरेजमध्ये एक व्हॅन होती, तेलाचे पाच डबे होते आणि तीन तज्ज्ञ होते: स्वतः काका, शेजारचे दातांचे डॉक्टर आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे साहेब म्हणत. व्हॅन काकांपेक्षा दोनच वर्षांनी लहान. इंजिन मागे, आणि त्याला पाणी लागत नाही. पंखा वरून गार हवा ओढून सिलिंडरवर फेकतो, तेवढ्यावर ते थंड राहतं. निदान राहावं अशी अपेक्षा असते.

काकूने शेवटची संधी दिली होती. तिच्या बहिणीच्या घरापर्यंतचा चढ गाडी बंद न पडता चढली, तर गाडी राहील. नाहीतर रोपवाटिकेवाला ती घेऊन जाणार, आत कुंड्या मांडायला.

"निदान काहीतरी उगवेल तिच्यात," काकू म्हणाली. काका गाडीचा पत्रा पुसत राहिले.

"घट्ट तेल घाला," साहेब म्हणाले. "पातळ तेलाचं उन्हात पाणी होतं."

"घट्ट तेल फिरणार कसं? पातळच घाला," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही आपले दात बघा हो."

इंजिनात अडीच लिटर तेल मावतं. काकांना कुणाचंच मन मोडवत नाही. त्यांनी सव्वा लिटर घट्ट घातलं आणि सव्वा लिटर पातळ.

मी तोवर वाकून इंजिन बघत होते. इंजिन आणि बॉडीमधली फट बुजवायला चहूबाजूंनी रबराची पट्टी असते. ती नव्हती.

"काका, पट्टी कुठे गेली?"

"काढली. इंजिनाला श्वास नको घ्यायला?"

"अहो, खालची तापलेली हवा त्या फटीतून वर येते आणि पंखा तीच परत ओढतो. मग तेल कुठलंही घाला."

"इंजिनिअरिंगची पदवी मिळाल्यापासून ही अशीच बोलते," काका म्हणाले.

मोकळ्या हवेत माणूससुद्धा गार होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. सकाळपासून दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

तेल मोजायच्या कांडीच्या जागी मी तापमापक बसवला, तार आत ओढून घेतली आणि काका लावू देईनात म्हणून पट्टी शोधून सोबत ठेवली. एकशे दहा अंशांपर्यंत ठीक. एकशे तीसच्या पुढे तेलाचा दाब पडायला लागतो.

चढाच्या पायथ्याशी एकशे चार होतं. निम्म्यावर एकशे बावीस.

"काका, बाजूला घ्या. इंजिन निवलं की पट्टी लावते."

"मीटर स्वस्तातला दिसतोय," माझ्या शेजारून साहेब म्हणाले.

"थांबलो तर गाडी गेली," काका म्हणाले.

"थांबा हवं तर," पुढच्या सीटवरून काकू म्हणाली. "आपणहून थांबलेलं मी धरणार नाही. बंद पडलेली धरीन."

काकांनी आरशातून मागे पाहिलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनीही हलवली. इंजिन तापलेलं नाही, असं दोन विरुद्ध शून्य मतांनी ठरलं. मी घरातली, त्यामुळे माझं मत धरलं नाही.

शेवटच्या वळणावर तेलाचा लाल दिवा लागला. मागून करकर आवाज आला आणि गाडी थांबली. काकांनी तीनदा चावी फिरवली. नंतर हात मांडीवर ठेवून बसले.

"तेल तुमचं चुकलं," डॉक्टर म्हणाले.

"तुमचं," साहेब म्हणाले.

काकूने पर्समधून फोन काढला आणि रोपवाटिकेवाल्याला वळणाचा पत्ता सांगितला.

तापमापकावर एकशे एकेचाळीस अंश होते.