नवरीचा बाक

मित्रांनो, मी बाक आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको, बसलात की कळेलच. आमच्या ग्रीक बेटावर, घारीच्या किल्ल्यातल्या तुरुंगाच्या दाराबाहेर, अंजिराच्या झाडाखाली मी उभा आहे. एके काळी या तुरुंगाच्या नुसत्या नावाने माणसं क्रॉसची खूण करायची. आता तो बंद आहे आणि माणसं तिकीट काढून आत जातात. ती येतात भुतासाठी. माझ्यासाठी कोणी येत नाही. माझ्या बोलण्यात थोडी जळजळ जाणवेल, ती त्यामुळे. थोडी कशाला, बरीच जाणवेल.

मला कैद्यांनी घडवलं. वादळात फुटलेल्या एका होडीच्या फळ्या आतल्या अंगणात आणून टाकल्या होत्या. तुरुंगाधिकाऱ्याच्या बागेसाठी त्यांचा बाक करा, असा हुकूम झाला. पण एक फळी आखूड पडली. अधिकाऱ्याच्या बायकोने मला पाहून नाक मुरडलं आणि माझी रवानगी दाराबाहेर झाली. ती आखूड फळी तेव्हापासून हलते. कोणी बसलं की कण्हते.

दाराबाहेर आलो ते बरंच झालं. बागेत माझ्यावर एक बाई बसली असती, इथे अख्ख्या बेटाच्या बाया बसल्या. भेटीच्या वारी त्या गाठोडी घेऊन पहाटेच यायच्या. गाठोड्यांत उकडलेली अंडी, ऑलिव्ह, लोकरी मोजे. दाराच्या झरोक्यातून गाठोडं आत जायचं, आणि मग आतून निरोप येईल म्हणून त्या दिवसभर बसून राहायच्या. त्यांचं ओझं मी पेललं. त्यांचे हुंदके माझ्या फळ्यांत मुरले. याचं कौतुक झालं का? छे. कौतुक भुताचं!

त्या भुताची गोष्ट आता ऐका, कारण ती मला ठाऊक आहे तशी कोणालाच ठाऊक नाही.

आर्गिरो नावाची एक मुलगी होती, पावाच्या भट्टीवाल्याची. तिचं लग्न ठरलेला याकोवोस आत होता. भट्टीतून ती थेट इकडे यायची, त्यामुळे केसांपासून चपलांपर्यंत पिठाने पांढरी असायची. दर वेळी तिळाचा गरम पाव झरोक्यातून आत द्यायची आणि माझ्या आखूड फळीवर बसायची. असा सगळा हिवाळा गेला. मग एके दिवशी झरोक्यातला पहारेकरी अगदी सहज म्हणाला, "अगं, तीळ जरा कमी लावत जा. दातांत अडकतात."

आर्गिरोने विचारलं, "कोणाच्या दातांत?"

पहारेकऱ्याने जीभ चावली. याकोवोसला थंडी पडायच्या आधीच दुसऱ्या तुरुंगात हलवलं होतं. पोरीचा पाव हिवाळाभर हेच लोक खात होते.

तिने आरडाओरडा केला नाही. झरोक्यात हात घालून पाव परत ओढला, माझ्यावर येऊन बसली आणि तो अख्खा पाव एकटीने खाल्ला. मग उठून ॲप्रन झटकला. पिठाचा हा एवढा ढग उडाला. ढग खाली बसेपर्यंत ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा, बंदरावर बोट लागली होती. पण बुरुजावरच्या पहारेकऱ्याने भरदुपारी राकी झोकली होती. त्याला दिसली ती पांढरी बाई, पांढरा ढग आणि मग रिकामा बाक. त्याने खानावळीत शपथेवर सांगितलं, "आर्गिरो वाट बघून बघून मेली. नवरीच्या वेषात आली आणि हवेत विरली!"

झालं. तेव्हापासून ती नवरी. तटावर फिरते म्हणे, साखळ्या वाजवते म्हणे. पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की माझी आखूड फळी आपोआप कण्हते. तर स्तामाता, आमची तिकीटवाली, जी लोकांना किल्लाही दाखवते, ती ओठांवर बोट ठेवून म्हणते, "श्श! ऐकलंत? नवरी बसली." लोक शहारतात. अहो, कण्हतो मी आणि टाळ्या तिला! माझं स्वतःचं असं एक कण्हणं होतं, तेही तिने नेलं. एकदा तरी कोणी म्हणावं ना, "बिचारा बाक." नाही.

त्यावर कडी म्हणजे नवरीचा संगमरवरी पुतळा आला. तो उभा करायचा कुठे? माझ्या जागी. आणि मी? लाम्बिस सुतार म्हणाला, "चुलीला बरा आहे."

दिवस ठरला तो मृतांचा शनिवार, उन्हाळ्याच्या तोंडावरचा. त्या दिवशी आमच्याकडे मेलेल्यांच्या नावाने गहू उकडतात, वर पिठीसाखर आणि डाळिंबाचे दाणे घालतात, पाद्री नावं घेतो आणि मग सगळे तो गहू वाटून खातात. जिवंत माणसाचं नाव मात्र त्यात चुकूनही येता कामा नये. त्याच्यासारखा अपशकुन नाही. नवरीसाठी स्तामाता दरवर्षी दारात असं ताट ठेवायची. त्या दिवशीही ठेवलं. ताटापलीकडे लाम्बिस पहार घेऊन उभा. माझ्या फळ्या बसल्या जागी गार पडल्या.

पापा आन्थिमोस, आमचे पाद्री, डोळे मिटून म्हणाले, "आर्गिरो, हिच्या आत्म्याला शांती लाभो..."

"लाभली असती, पण गुडघे ऐकत नाहीत ना," पायऱ्यांवरून आवाज आला.

काठी टेकत एक म्हातारी वर येत होती.

स्तामाता फिस्कारली, "आजी, मध्ये बोलू नका. विधी चाललाय."

"चालू दे की. माझाच आहे ना? आर्गिरो मीच, भट्टीवाल्याची. आमची शेजारीण इथे फिरायला आली होती, ती सांगत आली, तुझ्या नावाने गहू वाटतात गं. म्हटलं, आपल्या वाटणीचा खाऊन यावा."

पापा आन्थिमोसांनी घाईघाईने क्रॉसची खूण केली. "देवा! दरवर्षी मी जिवंत बाईचं नाव..."

"म्हणून तर मरत नाहीये मी! तुम्ही वर हजेरी लावता, आणि वरचे म्हणत असतील, हिची हजेरी झालेली आहे, पुढची बोलवा."

लोक आधी दचकले, मग हसले. कोणीतरी भीतभीत विचारलं, "पण तुम्ही गायब कशा झालात?"

"पायऱ्या उतरून."

"आणि याकोवोस?"

"शोधून काढला. लग्न केलं. मेल्याने जन्मभर घोरून घोरून झोप दिली नाही." बोलताबोलता तिचे डोळे माझ्यावर आले. "अरे, हा आहे अजून?"

"त्यावर नको, आजी," लाम्बिस म्हणाला. "मोडका आहे. आत्ता फोडायचाच आहे."

"मग आधी बसू दे."

ती नेमकी आखूड फळीवर बसली. मी कण्हलो. सगळे ओरडले, "नवरी!"

"हो बाबांनो, पण आता वजन वाढलंय तिचं." मग तिने तळहात माझ्या फळीवर ठेवला आणि आवाज खाली आणला. "त्या दिवशी पाव खाताना मी रडले नाही, ते हिच्यामुळे. मी हुंदका गिळला की ही कण्हायची. म्हटलं, चला, आपल्या वाट्याचं कोणीतरी रडतंय."

मित्रांनो, मी लाकूड आहे. नाहीतर तिथेच काय झालं असतं, सांगवत नाही.

स्तामाता तिच्या कानाशी वाकली. "मावशी, पुतळा ठरलाय हो. नवरी जिवंत म्हटल्यावर कोण येईल इथे? माझं पोट आहे यावर."

"मग सांग ना भूत आहे म्हणून, मी कुठे नाही म्हणते? तुझी दगडाची बाई आत उभी कर. इथे बसायला जागा राहू दे. उन्हात वाट बघणाऱ्या बाईला पुतळा काय कामाचा गं?"

स्तामाताने गव्हाचं ताट उचलून आर्गिरोपुढे धरलं. मग म्हणाली, "लाम्बिस, पहार ठेव खाली."

आर्गिरोने ताटातला मूठभर गहू तोंडात टाकला. "साखर कमी पडलीये," म्हणाली, आणि संध्याकाळच्या बोटीने गेली.

त्याच वर्षी हिवाळ्यात ती वारल्याची बातमी आली. पुढच्या मृतांच्या शनिवारी स्तामाताने साखर सढळ हाताने घातली. पापा आन्थिमोसांनी तिचं नाव घेतलं, या वेळी बरोबर. दुपारी वारा सुटला. माझी फळी कण्हली. लोक म्हणाले, "श्श! नवरी बसली." मीही कान दिला. अंगावर वजन आलंय का, ते पाहिलं. नव्हतं आलं.

आत उभ्या असलेल्या पुतळ्याचा मला अजून राग येतो. नाक तिचं इतकं सरळ कधीच नव्हतं. पण भुतावर आता मी जळत नाही. उलट दर दुपारी वाटतं, एकदा तरी ते खरं असावं.

तर मित्रांनो, जुने बाक फोडायच्या आधी त्यांच्यावर जरा बसत जा. मलाही रंग द्या, तेल पाजा, वाळवीपासून जपा. माझी ती आखूड फळी तेवढी घट्ट करू नका. ती आली तर मला कळायला हवं.