गार नळाचं विसण

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी नंदकुमार तळमजल्यावर राहतो. ऐरोलीत मे महिना तापलेला असला तरी त्याच्या नळाला गारेगार पाणी, कारण ते थेट जमिनीखालच्या टाकीतून येतं. तिथे ऊन पोचतच नाही. पाणी मे महिन्यातही तसंच, डिसेंबरातही तसंच. आम्ही सगळ्यात वर. आमचं पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं, तापलेल्या स्लॅबवरच्या पाइपातून येणारं. दुपारी गार नळ सोडा आणि खुशाल चहा करा!

माझी सई बाळंतपणाला आली होती. माझ्या बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर तिच्या सासूने पाठवली होती. म्हटलं, सवा महिना लेक नि नात माझ्याजवळ राहतील. बाळाच्या अंघोळीला विसण हवं, कढत पाण्यात घालायला गार पाणी. म्हणून नंदकुमारकडे गेले.

"तुमच्या नळाचं रोज एक बादली पाणी द्या हो."

"वैजयंतीताई, पाणी एकच आहे. खालचंच वर चढवतो. उगाच टेन्शन घेऊ नका."

"मग वर येऊन नळाखाली हात धरून बघा!"

"आज तुम्ही, उद्या अख्खी विंग बादल्या घेऊन येईल." दार लावलं मेल्याने.

मग मी रात्रीच बादली भरून निवत ठेवायचे. अंघोळ घालणाऱ्या रंगूबाई तेच विसण वापरायच्या. एक दिवस त्या आल्या नाहीत आणि मी बाजारात. भर दुपारी सईने स्वतःच बाळाला पायांवर घेतलं. गीझरचं पाणी बाळाला कढत लागलं, ते कळवळलं. भरलेली बादली बाहेरच राहिलेली, बाळ पायांवर, उठणार कशी? तिने घाईघाईत हात लांबवून गार नळाखाली तांब्या भरला आणि विसण म्हणून थेट बाळाच्या पाठीवर ओतला.

पाठ लालभडक झाली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, पण फोड येतील. संध्याकाळी सासूने गाडी पाठवली. "तुमच्याकडे विसणसुद्धा भाजतं का हो?" एवढंच फोनवर म्हणाली. सई गेली. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही तिने.

गाडी गेटबाहेर पडली, तर नंदकुमार आपल्या दारात उभा. "चला, तुमचा पाण्याचा प्रॉब्लेम मिटला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या मागे त्याची सून क्षिप्रा उभी होती, सातवा महिना. मी तिच्याकडे बघूनच म्हटलं, "बाळंत झालीस की सांग गं. विसण मी घेऊन येईन, माझ्या नळाचं. पाणी एकच आहे ना!"

ती पोट धरून आत गेली. मला जराही वाईट वाटलं नाही.