ओराय

गाडीच्या डाव्या आरशाच्या भेगेत शेवाळाचा तुकडा अडकला होता. अजून हिरवा, कडेला पाणी धरून. म्हणजे भेग आजचीच. चिझुरूने काच खाली केली, तो नखाने काढला आणि वडिलांसमोर धरला.

"बाबा, हे काय?"

"शेवाळ," मोरिओ म्हणाले. "प्रयोगशाळेत तू काम करतेस ना?"

तिने तुकडा दरीत टाकला. खाली इया नदी कोवळ्या काकडीच्या रंगाची दिसत होती. मागच्या सीटवर तंबू, शेगडी, भाताचे त्रिकोणी गोळे आणि तीन घडीच्या खुर्च्या खडखडत होत्या. तिसरी आईची. आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी ती खुर्ची बाबांनी गाडीतून काढली नव्हती. म्हाताऱ्या चालकांनी गाडीवर लावायचं चौपानी चिन्ह मात्र घरी फ्रिजवर चिकटवलेलं होतं. गाडी म्हातारी दिसते म्हणे.

लायसन्स परत देऊन टाका, हे वाक्य ती दर शरद ऋतूत सोबत आणायची आणि तसंच परत न्यायची. लायसन्स गेलं की बाबांचं या दरीत येणं सुटलं.

"मी चालवू का आता?"

"हा रस्ता तुला नाही जमायचा. तू शहरात सरळ रेषेत चालवणारी."

वळणावरून बस आली. रस्ता एकाच गाडीपुरता होता, आणि रुंद जागा यांच्याच मागे. म्हणजे मागे यांनीच जायचं. बसचालकाने पांढरे हातमोजे घातलेले हात स्टिअरिंगवर ठेवले आणि तो अदबीने वाट पाहू लागला.

"घ्या ना मागे."

"घेतो."

गाडी हलली नाही.

"बाबा, लोक खोळंबलेत."

"तू उतर आणि मागून ओराय म्हण. येऊ द्या, येऊ द्या."

"आरसे कशाला दिलेत मग?"

"तुझी आई उतरायची."

चिझुरूने दार जरा जोरातच लावलं. मॅपलच्या ओल्या पानांवरून पाय जपत ती मागे जाऊन दरीच्या बाजूला उभी राहिली.

"ओराय... ओराय..."

गाडी मागे येऊ लागली. खिडकीतून बाबा दिसत होते. मान ताठ, नजर समोरच्या बसवर. आरशाकडे एकदाही नाही. तिला शंका आली. ती गप्प झाली.

गाडी थांबली.

"ओराय."

चाक फिरलं. पुन्हा गप्प. पुन्हा थांबलं. कडा चाकापासून हातभरही लांब नव्हती. पावसात छत्री धरून रस्त्यावर उभी राहणारी आई तिला आठवली. एवढा कसला गं तुमचा सोपस्कार, म्हणून आपण तिला हसायचो, तेही.

"ओराय," ती म्हणाली, या वेळी मोठ्याने, आणि गाडी रुंद जागेत येईपर्यंत थांबली नाही. "बस्स."

बस दिवे लुकलुकवून आभार मानत निघून गेली. मोरिओ उतरले, बॉनेटला हात लावत वळसा घालून आले आणि डावीकडे बसले.

"तुम्हाला आरशातलं दिसत नाही, हे आईला माहीत होतं?" चालकाची सीट पुढे ओढत तिने विचारलं.

"मी तिला कधी सांगितलं नाही." त्यांनी पट्टा लावला. "तिनेही मला विचारलं नाही. तिचा आवाज जरा मोठा होता."

चिझुरूने गाडी सुरू केली. जिभेवर आलेलं वाक्य तिने याही वर्षी गिळलं.

"तंबू पुलाच्या अलीकडे टाकायचा की पलीकडे?"

"पलीकडे. ऊन येतं." ते आरशाच्या भेगेवरून अंगठा फिरवत राहिले. "आणि सोमवारी मला पोलीस ठाण्यात सोड. लायसन्स देऊन टाकतो."