कुसाबाईच्या हद्दीतले तीन ठिपके

मी तापट आहे, हे आमच्या ऑफिसात झाडूवालीलाही ठाऊक आहे. पण त्या तीन ठिपक्यांच्या वेळी जरा शांत बसले असते, तर किती बरं झालं असतं.

२००८ च्या मे महिन्यात आमची संस्था सुरगाण्याकडं वनहक्काच्या दाव्यांचे नकाशे करत होती. जीपीएस यंत्र हातात घेऊन कसणाऱ्याच्या मागं त्याच्या शेताची हद्द चालायची, दर वळणावर एक ठिपका घ्यायचा आणि नाशिकला येऊन ते ठिपके कॉम्प्युटरवर जोडायचे. जेवढं नकाशात, तेवढंच नावावर. बाहेर राहिलं ते जंगलाचं.

कुसाबाई विधवा, नागलीचा तुकडा एकटीच कसायची. सगळी हद्द सरळ चालली, पण खालच्या कोपऱ्यात आली तशी चपला काढून उतारावर गेली आणि एका सादड्याच्या झाडाला वळसा घालून परत वर आली. तिथं ना बांध, ना नांगरट.

"मावशी, वाट चुकलात का?" मी विचारलं.

"नाय. असंच हाय," एवढंच बोलली. उन्हानं माझं डोकं उठलं होतं. तीन ठिपके घेतले आणि गुमान चालू लागले.

ऑफिसात नकाशा काढला, तर शेताला खाली शेपूट फुटलेलं. असलं काही दिसलं की दावा परत येतो, म्हणून मी ते तीन ठिपके पुसले. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, तर तिन्ही जागच्या जागी. पुन्हा पुसले. डबा खाऊन आले, तर पुन्हा हजर. शेजारच्या टेबलावरचा दिनेश हसला, "मोहिनी, तुझ्या मशीनला झपाटलंय. दृष्ट काढ." अंगावर काटा आला, खरं सांगते. पण मला भीती वाटली की आधी रागच येतो. तिसऱ्यांदा पुसले आणि लगेच प्रिंट काढून मोकळी झाले.

दावा मंजूर व्हायला वर्ष गेलं. श्रावणात कागद द्यायला मीच गेले, मोठ्या तोऱ्यात. कुसाबाईनं कागद घेतला आणि मला खालच्या कोपऱ्यात नेलं. सादड्याभोवती वनखात्याचे खड्डे खणून, रोपं लावून झाली होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या हातात माझाच नकाशा होता.

"हितं माझा झिपरू पुरलेला," ती म्हणाली. "माझा नवरा."

"अहो, मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"पेरा व्हायचा व्हता ना. पेरणी सरेस्तोवर आमच्या घरात मेलेल्याचं नाव नाय घेत, बी उगवत नाय. म्हणून तर चालून दाखवलं तुला."

मी तिथंच खाली बसले. मला रडू आवरेना. ती रडली नाही.

"रोज सांजचा दारात येऊन उभा राहतो," ती म्हणाली. "इचारतो, मला बाहेर कुणी काढलं. काय सांगू त्याला?"

"माझं नाव सांगा," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार होते?

तिनं सांगितलेलं दिसतंय. आता भर दुपारीही मला ऑफिसच्या दाराकडं पाठ करून बसता येत नाही.