मंडळाच्या कपाटाची किल्ली

“किल्ली मागायला येतो का जोगवा मागायला, काही कळत नाही बुवा,” जिन्याच्या वरच्या पायरीवर चपला काढता काढता सुहास पुटपुटला.

जाळीच्या दाराआड, हातभर अंतरावर, सुनंदा कोथिंबीर निवडत बसली होती. ऐकू आलं नाही असं दाखवायचं म्हणून तिनं जुडी जरा जोरात झटकली. सुहास दचकला.

“अरे, वहिनी! इथेच का?”

“या भावजी. ही काय, आत्ताच येऊन बसले.” कोथिंबिरीच्या काड्यांचा ढीग तिला खोटं पाडत होता, पण सुहास भला माणूस. त्यानं तिकडे पाहिलं नाही.

“साहेब आहेत ना?”

“आहेत की. पण अमेरिकेत आहेत. थांबा, बोलावते.”

आतून दिलीपरावांचा आवाज येतच होता. कपाटाच्या आरशासमोर उभे राहून ते भाषणाची तालीम करत होते. परवा गणपती बसायचे आणि तिसऱ्या दिवशी उज्जैनच्या मराठी मंडळात त्यांचं व्याख्यान होतं. विषय त्यांनीच निवडला होता: अमेरिकेच्या लोकशाहीतली मोठी माणसं.

कॉलनीतल्या इतर पुरुषांचं अमेरिकाप्रेम समजण्यासारखं होतं. कोणाचा मुलगा तिकडे, कोणाची सून. दिलीपरावांचं तिकडे कोणी नव्हतं. मुलगी ऋचा पुण्यात होती आणि पासपोर्ट नावाची वस्तू या घरात कधी आलीच नव्हती. तरुणपणी बँकेनं त्यांना अकोल्याहून उचलून माळव्यातल्या एका आडगावी टाकलं, तिथे संध्याकाळी करायला काही नव्हतं, तेव्हा रेडिओवर खरखरत येणाऱ्या अमेरिकेच्या हिंदी बातम्या ऐकता ऐकता त्यांना हा नाद लागला. तेव्हापासून ते रीगन यांच्या पक्षाचे. सरकार लहान असावं, कर कमी असावेत, माणसानं आपलं घर, आपला देव आणि आपला शब्द सांभाळावा, बाकीचं आपोआप होतं, हे त्यांचं मत. जन्मभर सरकारी बँकेत नोकरी करून सरकारी पेन्शनवर जगणारा माणूस सरकार लहान असावं म्हणतो, याची सुनंदाला गंमत वाटे. पण ते शेवटचं, शब्द सांभाळायचं, त्यांनी खरोखर पाळलेलं तिनं पाहिलं होतं. त्यामुळे ती हसायची ती पाठ फिरवून.

दिलीपराव बाहेर आले. देवघराशेजारच्या खिळ्यावरून त्यांनी किल्ली काढली, सदऱ्याच्या टोकाला पुसली आणि सुहासच्या तळहातावर ठेवली.

“खालच्या कप्प्याचं दार अडकतं. जरा उचलून घे.”

“हो साहेब.”

“घाईत नाहीस ना? बैस. चहा घे. एक मुद्दा ऐकवतो तुला.”

सुहास घाईत होता. माधव नगरला मंडळाच्या हॉलवर मखराचं काम अडलं होतं. वरून महाकालच्या गर्दीनं रस्ते जाम, तिकडून इथे नानाखेड्याला यायचं म्हणजे अर्धी संध्याकाळ जायची. तरी तो बसला.

गोष्ट अशी होती की चैत्रात मंडळाची निवडणूक झाली आणि दिलीपराव सुहासकडून हरले. फार वर्षं तेच अध्यक्ष होते. परगावाहून बदलीवर आलेल्या या माणसाला उज्जैननं आपला म्हटलं ते या मंडळामुळेच. सुहासचं तसं नव्हतं. त्याचे पणजोबा शिंद्यांच्या दरबारात फडणीस, त्याला आपलं म्हणवून घ्यायला काही करावं लागलं नव्हतं. हॉल लग्नकार्याला भाड्यानं द्यावा आणि त्यातून एसी बसवावा, असं सुहासचं म्हणणं. देवाच्या जागेचं दुकान करू नये, असं दिलीपरावांचं. उन्हाळा ऐन भरात होता. लोकांनी एसीला मत दिलं.

निकाल लागला तेव्हा दिलीपराव “ठीक आहे, लोकशाही आहे” एवढंच बोलून घरी आले आणि आठवडाभर तापानं पडून राहिले. लोक भेटायला आले. आजारी माणसाला काय म्हणायचं, म्हणून सवयीनं ‘अध्यक्षसाहेब’च म्हणाले. कपाटाची किल्ली मागायचं कोणाच्या जिभेवर आलं नाही. त्या कपाटात गणपतीचे चांदीचे दागिने, पूजेची उपकरणी, माइकचा संच, सगळंच होतं. “राहू द्या हो, पहले तबियत,” सुहास म्हणाला होता. ताप उतरला, किल्ली खिळ्यावर राहिली. मग लागेल तेव्हा सुहास यायचा, किल्ली न्यायचा, कपाट उघडायचा आणि काम झालं की परत आणून द्यायचा. अध्यक्ष तो, आणि किल्ली यांच्या घरी. माळव्यातला लिहाज असा असतो. समोरचा दुखावू नये म्हणून सगळा गाव पाच महिने वळसा घालून जातो.

पण आज दुपारी कल्पनाचा, म्हणजे सुहासच्या बायकोचा, फोन आला होता.

“वहिनी, मी बोललेच नाही असं समजा हं. उद्या सकाळी कुलूपवाला बोलावलाय. कपाटाचं कुलूप तोडून नवं लावणार. हे नको नको म्हणत होते, पण कमिटीची पोरं ऐकत नाहीत. म्हणतात, गणपतीत रोज कोण नानाखेड्याला खेटे घालणार. सगळ्यांसमोर होणार हो ते. मला कसंतरीच झालं, म्हणून सांगितलं.”

दुपारपासून घरात दोन भाषणांची तालीम चालली होती. एक आरशासमोर, मोठ्यानं. दुसरं सुनंदाच्या मनात. ‘अहो, ती किल्ली देऊन टाका.’ फार सरळ. ‘अहो, किल्ली तुमच्याकडे कशाला, उगीच जबाबदारी.’ यात तिचंच तिला हसू आलं. ‘अहो, उद्या कुलूप तोडणार आहेत.’ हे म्हणायला तर तिची जीभ रेटेना. मंडळासाठी या माणसानं काय केलं ते तिनं पाहिलं होतं. पावसात गळणाऱ्या पत्र्याखाली चांदीच्या मूषकावर छत्री धरून उभा असलेला बँक मॅनेजर तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी पाहिला नव्हता.

ती चहा घेऊन आली तेव्हा सुहास खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि दिलीपराव रंगात आले होते.

“रीगनला गोळी लागली. फुप्फुसापर्यंत गेलेली. ऑपरेशनच्या टेबलावर तो डॉक्टरांना काय म्हणतो? तुम्ही सगळे माझ्याच पक्षाचे असाल अशी आशा आहे! आणि डॉक्टर विरोधी पक्षाचा बरं का. तो म्हणतो, आज आम्ही सगळे तुमच्याच पक्षाचे. याला म्हणतात दिलदारी. दोघांचीही.”

“क्या बात है,” सुहास म्हणाला. त्याला खरंच आवडलं होतं.

“आणि वॉशिंग्टन. लोक म्हणत होते, तुम्हीच राहा. हा दोनदा अध्यक्ष झाला आणि निघाला आपल्या शेतावर. खुर्ची सोडून देणं हे त्या देशाला त्यानं शिकवलं. अध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या मॅकेनचं सांगतो. त्याच्याच सभेत एक बाई उठून त्याच्या विरोधकाबद्दल वेडंवाकडं बोलली. यानं तिच्या हातातून माइक काढून घेतला. म्हणाला, नाही बाई, तो सज्जन माणूस आहे, आमचे फक्त मतभेद आहेत. टाळ्या मिळत असताना माइक काढून घ्यायचा! आपल्याकडे कोणी काढेल?”

“माइक कपाटातच आहे,” सुहास म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन कपात बघू लागला.

दिलीपरावांनी ते ऐकलंच नाही. “पण माझ्या व्याख्यानाचा कळस वेगळाच आहे. तिकडे एक रीत आहे. कायद्यात नाही, घटनेत नाही, नुसती रीत. निकाल लागला की हरलेला माणूस जिंकलेल्याला फोन करतो. स्वतः. सेक्रेटरीकडून नाही. अभिनंदन करतो. मग आपल्या लोकांसमोर उभा राहून सांगतो की मी हरलो, आता तो आपला सगळ्यांचा. थोरले बुश हरले, तर जाताना टेबलावर नव्या माणसासाठी चिठ्ठी ठेवून गेले, तुझ्या यशातच देशाचं यश आहे म्हणून. मी सांगतो सुहास, जिंकणारे पुष्कळ असतात. देश मोठा होतो तो नीट हरणाऱ्यांमुळे.”

पंखा फिरत होता. सुहासनं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. सुनंदाला वाटलं, आता. आता हा भला माणूस किल्लीचं बोलेल. पण सुहासनं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि उठला.

“व्याख्यान जोरदार होणार साहेब. येतो. काम आटपलं की आणून देतो किल्ली.”

“सावकाश आण. मी जागाच असतो.”

जिन्यावर चपलांचा आवाज खाली खाली गेला. सुनंदानं कप उचलले, पुन्हा खाली ठेवले.

“अहो, तो फोन कधी करायचा असतो?”

“कुठला?”

“हरलेल्यानं करायचा तो.”

“त्याच रात्री. फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी.”

“आणि राहून गेला तर?”

दिलीपरावांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. अमेरिकेतल्या अलीकडच्या एका निवडणुकीचा विषय निघाला की ते असंच करत. तो भाग त्यांनी भाषणात घातला नव्हता, हे सुनंदाला ठाऊक होतं.

“तुमच्याच पक्षाच्या एकानं केलाच नाही ना तो? तुम्हीच टीव्ही बघताना म्हणाला होतात.”

“हो.”

“मग?”

“मग काय.” काच कधीच स्वच्छ झाली होती, ते पुसतच होते. “मला नाही आवडलं ते. बाकी त्याच्या पुष्कळ गोष्टी मला पटतात. पण हे नाही आवडलं. मोजणी झाली की झाली. आपला माणूस म्हणून काय झालं? आपला असला म्हणजे तर जास्त…”

वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. समोर देवघराशेजारी रिकामा खिळा होता. त्याच्या खाली भिंतीवर, इतकी वर्षं किल्ली लोंबून लोंबून, एक काळपट कमान उमटली होती. ते तिकडे बघत राहिले.

सुनंदानं कप उचलले नाहीत.

खाली सुहासची स्कूटर चालू होत नव्हती. एक किक, दुसरी किक, आणि मग एक बारीकशी शिवी. दिलीपराव उठले. टेबलावरचा फोन घेऊन गॅलरीत गेले. त्यांनी सदरा खाली ओढून नीट केला, आरशासमोर करायचे तसा, आणि नंबर लावला.

खाली सुहासच्या खिशात घंटा वाजली. त्यानं फोन काढला, नाव वाचलं आणि मान वर करून पाहिलं. गॅलरी त्याच्या डोक्यावर, बोलावलं तर ऐकू येईल इतकी जवळ. पण दिलीपराव खाली बघत नव्हते. समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत ते ताठ उभे होते, जणू मधे सात समुद्र असावेत.

सुहासनं एकदा दारात आलेल्या सुनंदाकडे पाहिलं. मग हेल्मेट काढून सीटवर ठेवलं आणि फोन कानाला लावला.

“बोला साहेब.”

“सुहास, मी दिलीप बोलतोय. नानाखेड्याहून.”

“हो साहेब.”

“साहेब नको. किल्ली आणून देऊ नकोस, तुझ्याकडेच ठेव.” त्यांनी घसा खाकरला. “हा फोन चैत्रातच करायचा होता. निवडणूक मी हरलो, सुहास. अध्यक्ष तू आहेस.”